शिलेदार आणि बारगीर : छायाचित्रकाराच्या पोटापाण्याचा इतिहास

आवाज मागेपर्यंत येतोय ना? बरं, मग सुरू करतो.

आजचा विषय कळल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, की सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, फोटोग्राफीशी तुमचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो जरा अपराधीपणाचा आहे. तो आधी सांगून टाकतो, म्हणजे मोकळा होईन.

पस्तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला माझ्याकडे एक मुलगा होता. हुशार होता. परीक्षा झाल्यावर घरी आला आणि म्हणाला, सर, मी एम. ए. करत नाही. जुना कॅमेरा मिळतोय, तो घेतो आणि स्वतंत्र फोटोग्राफर म्हणून काम करतो. मी त्याला दहा मिनिटांत गप्प केलं. म्हटलं, बी. एड. कर, नोकरी धर, फोटो रविवारी काढ. त्याने ऐकलं. शाळेत लागला, संसार केला, निवृत्तही झाला. काही वर्षांपूर्वी एका लग्नात भेटला. गळ्यात कॅमेरा होता. वाकून नमस्कार केला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "सर, तुम्ही सांगितलंत ते चूक होतं असं मी म्हणत नाही. पण तुम्ही माहिती न घेता सांगितलंत."

खरंच होतं ते. मला त्या धंद्याची काडीचीही माहिती नव्हती. आणि आता माझी नात तोच प्रश्न घेऊन दारात उभी आहे. पुण्यात तिला बरी नोकरी आहे, ती सोडून तिला फोटोग्राफी करायचीय. या वेळी मी ठरवलं, आधी वाचायचं, मग बोलायचं. आजचं व्याख्यान म्हणजे ते वाचन.

सुरुवात शब्दापासून करू. फ्रीलान्स हा इंग्रजी शब्द वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो' या कादंबरीमुळे रुळला. लान्स म्हणजे भाला. ज्याचा भाला कुठल्या एका सरदाराशी बांधलेला नाही, जो मोबदला देईल त्याच्यासाठी जो लढतो, तो फ्रीलान्स. आपल्याकडे यापेक्षा नेमके शब्द आहेत. मराठा फौजेत दोन प्रकारचे स्वार असत. बारगीर आणि शिलेदार. बारगिराला घोडा सरकारचा. घोडा मेला तर सरकार दुसरा देणार. शिलेदाराचा घोडा आणि हत्यार स्वतःचं. त्याला पैसा जास्त मिळायचा, मान वेगळा असायचा, पण घोडा मेला की नुकसान त्याचं. आपला फ्रीलान्सर म्हणजे शिलेदार. हे एवढं डोक्यात ठेवा. आज आपल्याला एवढंच बघायचंय, की छायाचित्रकारांमध्ये शिलेदारी कशी आली, ती कोणाला जमली, कोणाला नाही, आणि का.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. म्हणजे आगगाडी सुरू झाली त्याच्या दुसऱ्याच वर्षी. त्या सोसायटीत डॉ. नारायण दाजी होते, आपल्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू. उत्तम फोटो काढत. पण ते डॉक्टर होते. चूल वैद्यकीवर पेटायची. पहिल्या पिढीत असे हौशी लोक बरेच होते. खाऊन-पिऊन सुखी माणसाची ती विद्या होती. कॅमेरा महाग, काच महाग, रसायनं महाग. मग ज्याच्या घरी काही नाही, त्याने यावर पोट कसं भरायचं?

इथे मी तुम्हाला लाला दीनदयाळ यांच्याकडे नेतो. जन्म १८४४, मेरठजवळचं सरधना गाव, जैन कुटुंब. रुरकीच्या थॉमसन कॉलेजात शिकले आणि इंदूरला बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रकं करायच्या नोकरीला लागले. म्हणजे बारगीर. १८७४च्या सुमारास त्यांनी फोटोग्राफी हातात घेतली. आता लक्ष द्या, नोकरी सोडली नाही. मध्य भारतातले इंग्रज अधिकारी सर हेन्री डेली यांनी त्यांना प्रोत्साहन दिलं. पुढे सर लेपेल ग्रिफिन आले, त्यांनी दौऱ्यावर बरोबर नेलं, किल्ले-देवळांचे फोटो काढवून घेतले. त्यातूनच ग्रिफिनचं मध्य भारतातल्या वास्तूंवरचं पुस्तक तयार झालं. एवढं सगळं नोकरीत राहून. मग १८८०च्या दशकाच्या मध्याला त्यांनी लांब रजा घेतली. राजीनामा नाही, रजा! रजेत अंदाज घेतला, धंदा चालतोय असं दिसलं, तेव्हा नोकरी सोडली.

म्हणजे कॅमेरा हातात घेणं आणि नोकरी सोडणं यात दहाएक वर्षं गेली. आमच्या मनातलं कलावंताचं चित्र वेगळंच असतं. एका रात्री साक्षात्कार होतो आणि माणूस राजीनामा टेबलावर फेकतो. दीनदयाळ यांच्या बाबतीत असं काही घडलेलं नाही. घोडा चांगला पोसून तयार झाल्यावर ते त्यावर बसले.

पुढे हैदराबादचे सहावे निजाम मेहबूब अली खान यांचे ते दरबारी छायाचित्रकार झाले. 'राजा' हा किताब तिथला. व्हिक्टोरिया राणीची सनद मिळाली. इंदूर, सिकंदराबाद आणि १८९६ मध्ये मुंबई, असे त्यांचे स्टुडिओ होते. हैदराबादला पडद्यातल्या बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला, तिथे फोटो काढायला इंग्रज बाई नेमली. हा माणूस धंदा समजत होता, हे यावरून दिसतं. कुठलं गिऱ्हाईक आपल्या दारात येऊच शकत नाही, याचा त्याने विचार केला आणि त्यासाठी दार वेगळं केलं.

आणि एक गोष्ट. ते निगेटिव्ह जपत. नंबर घालून, नोंद ठेवून. एकदा काढलेल्या देवळाच्या फोटोची प्रत पुन्हापुन्हा विकता यायची. शिलेदाराचा घोडा म्हणजे कॅमेरा, असं आपल्याला वाटतं. तसं नाहीये. कॅमेरा फार तर खोगीर. घोडा म्हणजे निगेटिव्हचं कपाट. आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात त्यांच्या अडीच हजारांवर काचेच्या निगेटिव्ह आहेत. दीनदयाळ १९०५ मध्ये गेले. कपाट राहिलं.

पण निगेटिव्ह फोटोग्राफरची, हे ठरवलं कोणी? इथे माझा तत्त्वज्ञानाचा भाग येतो. घाबरू नका, थोडक्यात सांगतो.

जानेवारी १८८२ मध्ये ऑस्कर वाइल्ड अमेरिकेत गेला होता. न्यूयॉर्कमध्ये नेपोलियन सरोनी नावाच्या छायाचित्रकाराने त्याचे फोटो काढले. त्यातला एक फोटो बरो-जाइल्स नावाच्या छपाई कंपनीने उचलला आणि त्याच्या ८५ हजार प्रती काढल्या. सरोनी कोर्टात गेला. कंपनीचं म्हणणं काय होतं बघा. फोटो ही यंत्राने केलेली नक्कल आहे. समोर जे होतं ते काचेवर उमटलं. यात लेखक कोण? सूर्यप्रकाश? प्रश्न थट्टेचा वाटतो, पण तो खरा तात्त्विक प्रश्न आहे. जॉन लॉकने म्हटलं होतं, की माणूस निसर्गातल्या वस्तूत आपले श्रम मिसळतो आणि म्हणून ती त्याची होते. मग बटण दाबण्यात श्रम किती?

१८८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरोनीच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयाने बटणाकडे बघितलंच नाही. वाइल्डला कसं बसवायचं, कपडे कोणते, मागे काय, उजेड कुठून, चेहऱ्यावर भाव कोणता, हे सगळं सरोनीने आधी मनात ठरवलं होतं. त्या मनातल्या कल्पनेला फोटोने रूप दिलं, म्हणून तो लेखक. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. श्रम बोटात नाहीत, निवडीत आहेत. आजही कोणी म्हणतं ना, 'एक क्लिक तर करायचंय, एवढे पैसे कसले?', त्याला हे उत्तर आहे. उत्तर १८८४ पासून तयार आहे, फक्त ते द्यायचं धाडस आपल्या पोरांना होत नाही.

आता न जमलेल्या माणसाकडे येऊ. इतिहासात फक्त जिंकलेल्यांच्या गोष्टी सांगणं हा खोटेपणा आहे.

धुंडिराज गोविंद फाळके. जन्म १८७०, त्र्यंबकेश्वर. मुंबईचं जे. जे., मग बडोद्याचं कलाभवन. चित्रकला, फोटोग्राफी, छपाईची तंत्रं, जादूचे प्रयोगसुद्धा, सगळं हातात. कौशल्यात तर कुठेच कमी नव्हते. त्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. प्लेगात पहिली पत्नी आणि मूल गेलं, आणि गोध्रा सुटलं. पुन्हा बडोद्यात फोटोचा धंदा करून पाहिला, तर कॅमेरा माणसाचं सत्त्व ओढून घेतो, आयुष्य कमी होतं, ही समजूत आडवी आली, असं सांगतात. पुढे पुराणवस्तू खात्यात नोकरी, ती स्वदेशीच्या दिवसांत सोडली. मग छापखाना, तोही भागीदारांशी न पटल्याने सुटला. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते. आज आपण त्यांना दादासाहेब म्हणतो आणि मधली वर्षं विसरतो.

यातून काय घ्यायचं? धीर धरला की यश मिळतं, असलं काही मी सांगणार नाही. तसं असतं तर जगात एकही धीराचा माणूस उपाशी राहिला नसता. घ्यायचं ते एवढंच, की हुन्नर असणं आणि बाजार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दीनदयाळ यांना इंग्रज अधिकारी आणि संस्थानिक मिळाले. फाळक्यांना गोध्र्यात प्लेग मिळाला. धंदा बुडाला म्हणजे माणूस नालायक, हे समीकरण घरातल्या मोठ्या माणसांनी तरी डोक्यातून काढून टाकावं. मीही त्यातलाच एक होतो.

तिसरा टप्पा, युरोप. १९३०ची दशकं. लहान कॅमेरे आले, सचित्र साप्ताहिकं आली. पॅरिसमध्ये दोन निर्वासित ज्यू तरुण होते. बुडापेस्टचा एन्द्रे फ्रीडमन आणि जर्मनीहून आलेली गेर्टा पोहोरिल. खिशात पैसे नाहीत, निर्वासिताच्या फोटोला भाव नाही. १९३६ मध्ये दोघांनी एक शक्कल काढली. रॉबर्ट कापा नावाचा एक नामांकित अमेरिकन फोटोग्राफर त्यांनी कल्पनेतून निर्माण केला. हा मोठा माणूस आहे, स्वस्तात फोटो देत नाही, असं सांगून त्याच्या नावाने फोटो विकायला सुरुवात केली. फोटो तेच, भाव वाढला! पुढे एन्द्रेने ते नाव स्वतःच घेतलं आणि ती गेर्डा टारो झाली.

हसलात ना? मलाही हसू आलं होतं. पण पुढचं ऐका. दोघं स्पेनच्या यादवी युद्धात गेले. जुलै १९३७ मध्ये ब्रुनेतेच्या लढाईतून परतताना रणगाड्याच्या धडकेत टारो जखमी झाली आणि गेली. सव्वीस वर्षांची होती. आणि तिचे कितीतरी फोटो कापाच्या नावावरच राहिले, कारण भाव त्या नावाला होता. स्पेनमधल्या निगेटिव्हच्या पेट्या युद्धात नाहीशा झाल्या. त्या मेक्सिकोत सापडल्या आणि २००७ मध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. कापा, टारो आणि त्यांचा मित्र डेव्हिड सेमूर यांच्या मिळून सुमारे साडेचार हजार निगेटिव्ह. त्या तपासल्यावर कळलं, की कापाचे म्हणून गाजलेले काही फोटो टारोचे होते. सत्तर वर्षांनी. निगेटिव्ह राहिल्या म्हणून तिचं नाव परत आलं.

युद्ध संपल्यावर, १९४७ मध्ये, कापा, कार्तिए-ब्रेसाँ, सेमूर, जॉर्ज रॉजर आणि विल्यम व्हँडिव्हर्ट यांनी मॅग्नम ही संस्था काढली. ती छायाचित्रकारांच्याच मालकीची. तोपर्यंत मासिकाने काम दिलं की निगेटिव्हही बहुतेक मासिकाकडे जायची. मॅग्नमचं म्हणणं, निगेटिव्ह आणि हक्क आमचे, तुम्ही छापण्याची परवानगी विकत घ्या. तोच फोटो दुसऱ्या देशात दुसऱ्या मासिकाला देता येईल. एकट्या शिलेदाराला कोणी विचारत नाही. दहा शिलेदारांनी मिळून पथक केलं तर सरकारला अटी ऐकाव्या लागतात. कामाचे प्रदेश वाटून घेतले, त्यात भारत आणि पूर्वेकडचे देश कार्तिए-ब्रेसाँकडे आले. म्हणून ३० जानेवारी १९४८ ला तो दिल्लीत होता, त्याच दिवशी गांधीजींना भेटून आला होता. त्यानंतर थोड्याच वेळात हत्या झाली. अंत्ययात्रेचे त्याचे फोटो जगभर गेले. कापा मात्र १९५४ मध्ये इंडोचायनात सुरुंगावर पाय पडून गेला. शिलेदारीचा हाही भाग आहे. तो लपवून मी नातीला सल्ला देऊ शकत नाही.

आता आपल्या घरी येऊ. होमाई व्यारावाला. जन्म १९१३, नवसारी. वडील फिरत्या नाटक मंडळीत नट. मुंबईत वाढल्या, जे. जे. मध्ये शिकल्या. फोटोग्राफी शिकवली माणेकशॉ व्यारावाला यांनी, त्यांच्याशीच पुढे लग्न झालं. पहिले फोटो कॉलेजच्या मुलींच्या सहलीचे, 'बॉम्बे क्रॉनिकल'ने छापले, एका फोटोला एक रुपया. मग 'इलस्ट्रेटेड वीकली'साठी काम. पण सुरुवातीला फोटोखाली नाव नवऱ्याचं. नवशिकी, त्यातून बाई, तिच्या नावाला वजन काय? बघा, पॅरिसमध्ये टारोच्या वाट्याला जे आलं, तेच मुंबईत होमाईबाईंच्या वाट्याला.

१९४२ मध्ये दिल्लीला ब्रिटिश माहिती खात्यात दोघांना नोकरी लागली. तिथे बाहेरची कामं करायची मुभा होती. म्हणजे अर्धी बारगिरी, अर्धी शिलेदारी. पगार महिन्याचा, आणि बाकी वेळात मासिकांसाठी स्वतंत्र काम. 'डालडा १३' हे त्यांचं टोपणनाव. पहिल्या मोटारीचा नंबर डीएलडी तेरा होता, त्यावरून. साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन त्या सायकलवरून दिल्लीभर फिरत. १९४७चा झेंडा, गांधीजींची अंत्ययात्रा, दलाई लामांचं १९५६चं येणं, सगळं त्यांच्या कॅमेऱ्यात आहे. १९७० मध्ये त्यांनी काम थांबवलं आणि पुढची चाळीस वर्षं जवळजवळ फोटो काढला नाही. पद्मविभूषण मिळालं २०११ मध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षी. २०१२च्या जानेवारीत गेल्या.

मला त्यांच्या बाबतीत एक गोष्ट पटते. नोकरी की स्वातंत्र्य, असा आपण एकच प्रश्न विचारतो. मीही त्या मुलाला तोच विचारला होता. होमाईबाईंनी तो प्रश्नच घेतला नाही. नोकरी कसली, तीत बाहेरचं काम करता येतं का, आणि उरलेल्या वेळावर हक्क कोणाचा, असे त्यांनी तीन प्रश्न केले. जगण्यातले अर्धे पेच प्रश्न चुकीचा मांडल्यामुळे पडतात. हे मी वर्गात पस्तीस वर्षं सांगितलं, घरी सांगायला विसरलो.

शेवटचा मुद्दा, थोडा कायद्याचा. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७चा. त्यात फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारा. इथपर्यंत सरोनी. पण मालकीचं कलम पुढे आहे, सतरावं. कोणी पैसे देऊन सांगून फोटो काढून घेतला, आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. लग्नाचे फोटो, कंपनीचे फोटो, सगळं यात आलं. म्हणजे तोंडी व्यवहार केला की घोडा गिऱ्हाइकाच्या तबेल्यात. 'वेगळा करार नसेल तर' हे चार शब्द महत्त्वाचे आहेत. दोन ओळींचा कागद केला तर चित्र बदलतं. आणि सत्तावन्नाव्या कलमाप्रमाणे, हक्क विकला तरी 'हे काम माझं' असं म्हणायचा अधिकार कर्त्याकडे राहतो. टारोला आणि तरुण होमाईबाईंना जे मिळालं नाही, ते या कलमात आहे. पण आपल्याकडे कागद मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं समजतात. माझ्या एका छोट्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर एका तरुणाचा फोटो होता. त्याचं नाव छापायचं राहिलं. माझ्या लक्षातही आलं नाही, आणि तो संकोचाने बोलला नाही. तेव्हा दुसऱ्यांना काय सांगू!

तर नातीला मी काय सांगितलं? जा असंही नाही, जाऊ नको असंही नाही. तीन गोष्टी विचारल्या. घोडा किती दिवस पोसलास, म्हणजे नोकरीत राहून किती कामं पैसे घेऊन केलीस? फोटोखाली तुझं नाव येतं का? आणि निगेटिव्ह, आता त्याला फाइल म्हणतात, ती कोणाकडे राहते, हे कागदावर आहे का? पहिल्या प्रश्नाला ती म्हणाली, चार. चारापैकी एकाचे पैसे अजून यायचेत. मग म्हटलं, आजोबा, कागद कसा करतात ते शिकवा. ते मला येत नव्हतं. वकील मित्राला फोन लावला, आम्ही दोघांनी बसून शिकलो.

काल त्या जुन्या विद्यार्थ्यालाही फोन केला. म्हटलं, माहिती घेतली, उशीर झाला. तो हसला. म्हणाला, "सर, व्याख्यानाचे फोटो कोण काढणार आहे?" तो बघा, डाव्या बाजूला खांबापाशी उभा आहे. त्याच्याशी कागद केलाय. फोटोखाली नाव त्याचं येईल.

आता प्रश्न विचारा.